टाकी भरली तरी मोटार थांबत नाही: घरी बनवलेल्या कंट्रोलरचा दोष कसा शोधायचा

नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं लिहिलेलं थोडक्यात असं: "काका, आमच्याकडे खाली हौद, गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि एक एचपीची मोटार आहे. मोटार आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून मी ईएसपी८२६६चा नोडएमसीयू हा छोटा वायफाय कंट्रोलर बोर्ड वापरून सर्किट बनवलं. बोर्ड वर टाकीजवळ आहे, रिले (बोर्डाच्या हुकमानं चालणारा स्विच) आणि पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर खाली मोटारीजवळ, मधे पंधरा मीटर लॅन केबल. ती मोटारीच्या वायरच्याच पाइपातून नेली. टाकीच्या झाकणाला जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर लावलाय. पाणी सेन्सरपासून १५ सेंटिमीटरवर आलं की मोटार बंद, ७० वर गेलं की चालू. टेबलावर सगळं छान चाललं, गच्चीवर लावल्यावर त्रास सुरू झाला. मोटार चालू होताना बोर्ड मधूनच रीसेट होतो. रीडिंग तीस-चाळीस सेंटिमीटरच्या उड्या मारतं. गेल्या आठवड्यात तर मोटार रात्रभर बंदच झाली नाही. पहाटे आजी उठली तेव्हा जिन्यात पाणी होतं. फोनवरून बंद केली, रिले टक वाजला, पण मोटार चालूच. कोड तीनदा नव्यानं लिहिला. बाबा म्हणतात काढून टाक. चुकतंय कुठे?"

तू काका म्हणून विचारलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करतो.

सगळ्यात आधी आजच्या आज हे कर. एमसीबी खाली पाड, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री कर आणि तो रिले मोटारीच्या वायरमधून काढ. मोटार पूर्वीच्या बटणावर आण. ज्याचा कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी आतली टिकली) एकदा चिकटला तो रिले पुन्हा चिकटणारच, आणि ओल्या जिन्यात आजीचा पाय घसरायला एकच पहाट पुरते. बाकीचं सगळं निवांत करता येईल.

आता दोष. तुला वाटतंय की एकच दोष आहे आणि तो कोडमध्ये आहे. मला तुझ्या वर्णनात चार वेगवेगळे दोष दिसतात आणि त्यातला एकही कोड नव्यानं लिहून जाणारा नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की नवीन पोरं आधी प्रोग्रॅम उघडून बसायची. मी आधी टर्मिनलचे स्क्रू आवळायचो आणि मीटर लावून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बघायचो. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडायचा. टेबलावर चाललेलं गच्चीवर चालत नसेल, तर विचार असा करायचा: कोड तोच आहे, बोर्ड तोच आहे, मग बदललं काय? लांब केबल, खरी मोटार, उन्हाची वाफ आणि भरलेली टाकी, एवढंच बदललं. दोष या चारांतच आहे.

रात्रीच्या प्रसंगापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक गोष्ट तू फार नीट टिपलीस: रिले टक वाजला पण मोटार थांबली नाही. म्हणजे बोर्डानं हुकूम दिला, कॉइल (कॉन्टॅक्ट ओढून धरणारं विजेचं चुंबक) सुटली, पण आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून राहिले. रिलेच्या त्या निळ्या डबीवर "१० ए २५० व्हीएसी" असं छापलेलं असतं. ते दहा अँपिअर हीटर, इस्त्री असल्या साध्या लोडसाठी असतात, मोटारीसाठी नाही. एक एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट ओढते. म्हणजे तीस-चाळीस अँपिअरचा झटका दर वेळी त्या इवल्याशा टिकल्यांवर बसतो. शिवाय मिटताना कॉन्टॅक्ट दोन-तीनदा उडी घेतो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते.

तो काढलेला रिले फेकू नकोस. ब्लेडनं कडेकडेनं झाकण उचल आणि उजेडात धर. एका टिकलीवर काळा डाग दिसेल, मधोमध बारीक खड्डा, आणि समोरच्या टिकलीवर मोहरीहून लहान असा वितळून गोठलेला चंदेरी थेंब. खड्ड्यातला धातू त्या थेंबात गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डबीवर टिचकी मारली की असा कॉन्टॅक्ट बऱ्याचदा सुटतो आणि माणसाला वाटतं रिले बरा झाला. तसा तो होत नाही. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तो थेंब बघितलास की पुन्हा मोटार थेट रिलेवर जोडायचा विचारही मनात येणार नाही.

यावर उपाय म्हणजे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा भार सोसणारा मोठा, दणकट रिले. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची आणि मोटारीचा सगळा भार कॉन्टॅक्टरनं घ्यायचा. घेताना त्यावरचं एसी-३ खालचं रेटिंग बघ, ते मोटारीसाठी असतं. एसी-१ खालचा आकडा मोठा दिसतो, पण तो हीटरसारख्या लोडचा. एसी-३ ला नऊ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर तुझ्या मोटारीला आरामात पुरेल. सातपूर-अंबडकडे औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानात हा माल रोजचा आहे. सोबत मोटारीच्या करंटला लावलेला ओव्हरलोड रिले घे, म्हणजे मोटार जाम झाली तरी वाइंडिंग जळणार नाही.

पण चिकटलेला कॉन्टॅक्ट ही रात्रीची अर्धीच गोष्ट झाली. पहाटे तू फोनवरून बंद करेपर्यंत रिलेला बंदचा हुकूम मिळालाच नव्हता, कारण टक तेव्हा वाजला, म्हणजे तोवर कॉइल चालूच होती. मग टाकी भरल्यावर प्रोग्रॅमनं स्वतःहून का थांबवलं नाही?

उत्तर तुझ्या त्या १५ सेंटिमीटरमध्ये आहे. जेएसएन-एसआर०४टी या सेन्सरमध्ये आवाज सोडणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. आवाज सोडल्यावर ती चकती थोडा वेळ स्वतःच थरथरत राहते, घंटा वाजवल्यावर घुमत राहते तशी. तेवढ्या वेळात परत आलेला प्रतिध्वनी तिला ऐकू येत नाही. म्हणून हा सेन्सर साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आत आंधळा असतो. पाणी १५ सेंटिमीटरवर आलं की पहिला प्रतिध्वनी हुकतो. आवाज झाकणावर आपटून पुन्हा पाण्यावर जातो, परत येतो आणि तो दुसरा प्रतिध्वनी सेन्सर पकडतो. मग तुला ३० दिसतात, किंवा भलतंच काहीतरी. प्रोग्रॅम १५ ची वाट बघत बसतो आणि १५ कधीच येत नाहीत. टेबलावर तू हात किंवा वही समोर धरून बघितलं असशील, तेही बहुतेक अर्ध्या-पाऊण मीटरवर, म्हणून हे तिथे दिसलं नाही.

खात्री करून घे. सेन्सर हातात धरून भिंतीकडे सावकाश ने आणि स्क्रीनवर आकडे बघ. ६०, ५०, ४०, ३० नीट येतील. पुढे एका जागी आकडा अडकेल किंवा एकदम वाढेल. तो आकडा वहीत लिहून ठेव. तुझ्या हातातल्या सेन्सरची ती खरी हद्द आहे, डेटाशीटमधली काहीही असो.

आता रीसेट. इथे दोन कारणं एकात एक गुंतलेली आहेत, ती वेगळी केली पाहिजेत.

पहिलं कारण केबलचं. लॅन केबलची एक तार साधारण २४ गेजची असते आणि चांगल्या तांब्याची असली तर हजार मीटरला ८४ ओहमच्या आसपास रोध देते. तुझा पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर खाली आणि बोर्ड वर. जाताना पंधरा मीटर, येताना पंधरा, म्हणजे तीस मीटर तार, म्हणजे अडीच ओहम. ईएसपी८२६६ एरवी ७०-८० मिलिअँपिअरवर चालतो, पण वायफायवर बोलताना क्षणभर ३०० पर्यंत उडी घेतो. अडीच ओहम गुणिले ०.३ अँपिअर, पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. वर पोचले सव्वाचार. बोर्डावर पाचाचे ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर आहे, त्याला स्वतःसाठी एक व्होल्टच्या वर लागतो. उरले ३.१, जिथे ३.३ हवे होते. हे चांगल्या तांब्याचं गणित झालं. स्वस्त लॅन केबलमध्ये बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, तिचा रोध दीडपट भरतो. मग बोर्डाला तीन व्होल्टही मिळत नाहीत. एक तार सोलून ब्लेडनं खरवडून बघ. वरून तांबडी आणि आत पांढरी निघाली तर समजून जा. अशी तार चार-सहा वेळा वाकवली की तुटतेसुद्धा.

"पण मी मीटर लावला तेव्हा ४.९ दाखवत होते," असं तू म्हणशील. बरोबर आहे, कारण ही उडी काही मिलिसेकंदांची असते आणि मल्टिमीटर सरासरी दाखवतो. तो खोटं बोलत नाही, पण एवढ्या लवकर बघू शकत नाही.

दुसरं कारण मोटारीचं. मोटार सुरू होताना घरातला दाब क्षणभर खाली बसतो, दिवे मिचकतात तेवढा वेळ, आणि हलका अ‍ॅडॉप्टर तो धक्का पचवू शकत नाही. त्यात तू सिग्नलची केबल मोटारीच्या वायरच्या पाइपातून नेलीस. पंधरा मीटर शेजारीशेजारी धावणाऱ्या त्या दोन तारा म्हणजे एक लांबच लांब ट्रान्सफॉर्मरच. मोटारीचा प्रत्येक झटका तुझ्या ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर उमटणार.

आता कुठलं कारण किती, हे अंदाजानं ठरवू नकोस, अर्ध्या-अर्ध्यानं तोडत जा. आधी मोटारीचा एमसीबी पाड आणि नुसता रिले पन्नास वेळा चालू-बंद कर. रीसेट झाला नाही तर बोर्ड आणि रिले सुटले. मग कॉन्टॅक्टर आल्यावर फक्त त्याची कॉइल जोड, मोटार नको, आणि पुन्हा पन्नास वेळा. इथे रीसेट झाला तर कॉइल सुटतानाचा झटका दोषी. शेवटी मोटार जोड. ती चालू होतानाच रीसेट होत असेल तर अ‍ॅडॉप्टर काढून बोर्ड पॉवर बँकवर चालव. रीसेट थांबला तर दोष पुरवठ्याचा. तरीही होत राहिला तर तारांतून येणाऱ्या झटक्यांचा. एवढ्या साध्या पॉवर बँकनं मी मोठमोठी कोडी सोडवली आहेत. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल. केबल बदलली, कपॅसिटर लावला आणि कोडही बदलला, असं एकदम केलंस तर सर्किट चालेल, पण का चाललं ते कळणार नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तेच दुखणं परत येईल.

बोर्ड स्वतःही कारण सांगतो. लॅपटॉपवर बोर्डाचे निरोप दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरचा वेग ७४८८० ठेवलास की सुरू होताना एक ओळ येते, तिच्यात आरएसटी कॉज असा आकडा असतो. १ असेल तर वीज जाऊन आली. ४ असेल तर बोर्ड अडकला होता आणि वॉचडॉगनं, म्हणजे अडकलेल्या बोर्डाला रीसेट करणाऱ्या आतल्या घड्याळानं, त्याला उठवला. २ असेल आणि त्याच्या आधी एक्सेप्शनची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची, लांबलचक ओळ नसेल, तर रीसेटच्या पिनेवर कुठून तरी धक्का आला. मात्र लॅपटॉप यूएसबीनं जोडून हे बघताना रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला काहीही जोडलेलं असू देऊ नकोस. मोटारीसकट बघायचं असेल तर रीसेटचं कारण बोर्डाकडूनच वायफायवर पाठवून घे.

उपाय तसे सोपे आहेत. केबल मोटारीच्या पाइपातून काढ आणि वेगळ्या पाइपातून, वीतभर तरी अंतर राखून ने. खालून पाच व्होल्टऐवजी बारा व्होल्ट पाठव आणि वर व्होल्ट उतरवणाऱ्या छोट्या बक कन्व्हर्टरनं पाच कर. बाराला करंट निम्म्याहून कमी लागतो आणि वाटेत अर्धा व्होल्ट गेला तरी वर काही बिघडत नाही. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पायांना अगदी खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर, ए१ आणि ए२ वर, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे झटका जिरवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लाव. कपॅसिटर २३० च्या लाइनवर लावायसाठी बनवलेल्या एक्स-२ जातीचाच घे, साधा लावलास तर फुटेल. स्नबर रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावायचा मोह होतो, पण तिथून रिले बंद असतानाही सात मिलिअँपिअर झिरपतात, म्हणून मी कॉइलवरच लावतो.

रीडिंगच्या उड्यांवर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे, पण कारणं माहीत असावीत. हा सेन्सर आवाज बऱ्याच रुंद कोनात फेकतो आणि टाकीच्या भिंतीला आतून वळ्या असतात. त्या वळ्यांवरून, नाहीतर आत पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरून प्रतिध्वनी येतो. म्हणून सेन्सर झाकणाच्या मध्यावर, धारेपासून दूर आणि अगदी ओळंब्यात हवा. पहाटे झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, एक थेंब चकतीवर बसला की रीडिंग बिघडलं. निफाडकडच्या एका मित्राच्या शेततळ्यावर मी असाच सेन्सर लावला होता. डिसेंबरात रोज पहाटे पाच ते आठ तळं रिकामं दाखवायचं आणि ऊन आलं की आपोआप भरायचं! चकतीवर दव साचत होतं. पंधरा अंश तिरकं छप्पर केलं, सेन्सरभोवती वारा खेळता ठेवला, तेव्हा ते थांबलं.

तापमानाचंही एक आहे. हवेतला आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. आपल्याकडे थंडीत पहाटे दहा अंश म्हटले तर ३३७, एप्रिलच्या दुपारी चाळीसला ३५५. म्हणजे एका मीटरला पाच सेंटिमीटरचा फरक. हजार लिटरच्या टाकीत पाच सेंटिमीटर म्हणजे चाळीस-पन्नास लिटर. हौस असेल तर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून दुरुस्ती कर, शिकायला छान आहे. पण तुझ्या टाकीला त्याची गरज नाही. तुझ्या उड्या तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आहेत, त्या तापमानाच्या नाहीत. त्यासाठी साठ-साठ मिलिसेकंदांनी सात रीडिंग घे, लहान-मोठी लाव आणि मधलं उचल. सरासरी काढू नकोस, एका वेड्या आकड्यानं सगळी सरासरी नासते. आणि सेन्सरचा इको पाय पाच व्होल्ट देतो, तो ३.३ च्या बोर्डाला थेट जोडला असशील तर मधे एक किलोओहम आणि दोन किलोओहमचा विभाजक (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) टाक.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. सेन्सर, वायफाय आणि प्रोग्रॅम यांच्या भरवशावर मोटार बंद होणं सोडायचं नाही. टाकीत किती पाणी आहे हे सेन्सरनं सांगावं, मोटार कधी सुरू करायची हे प्रोग्रॅमनं ठरवावं, पण टाकी भरली की मोटार थांबवायचं काम साध्या फ्लोटचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचचं. मधे कुणीही विचार करणारं नको. कारखान्यात प्रेसवर हात ठेवायची वेळ येते तिथे दाराचा स्विच थेट कॉन्टॅक्टरची वीज तोडतो, कॉम्प्युटरला विचारत बसत नाही. घरची टाकी छोटी म्हणून नियम बदलत नाही.

हे मी स्वतःच्या घरी शिकलो. मखमलाबादला राहायला आल्यावर पहिलं सर्किट केलं तेव्हा पाण्याची पातळी कळावी म्हणून टाकीत तांब्याच्या तारा सोडल्या आणि त्यांना बारा व्होल्ट डीसी दिले. तीन आठवड्यांत धनाच्या बाजूची तार हिरवी पडली आणि झिजून दोऱ्यासारखी झाली, मग एका दुपारी पाण्यातच तुटली. सर्किटला वाटलं पाणी नाही, मोटार चालूच राहिली आणि पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीत मुरलं. मे महिना होता, गल्लीत पाणी एक वेळ येत होतं. शेजारी काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तार तुटणं हा गुन्हा नव्हता, तारा तुटतातच. तार तुटल्यावर मोटार चालू राहील अशी जोडणी मी केली होती, ती चूक होती.

म्हणून तुझी जोडणी अशी कर. खाली बारा व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर. त्याच्यापासून तार वर टाकीतल्या फ्लोटला, तिथून परत खाली हौदातल्या फ्लोटला आणि तिथून बारा व्होल्टच्या एका छोट्या रिलेच्या कॉइलला. कॉइलवर, ती सुटतानाचा झटका जिरवायला, १एन४००७ डायोड उलटा. वरचा फ्लोट टाकी भरली की तुटेल असा, खालचा हौद रिकामा झाला की तुटेल असा. या रिलेचा कॉन्टॅक्ट आणि तुझ्या बोर्डाच्या रिलेचा कॉन्टॅक्ट एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, कॉन्टॅक्टरच्या कॉइलला. दोघांनी हो म्हटलं तरच मोटार चालेल, कुणीही एकानं नाही म्हटलं की बंद. वर उंदरानं तार कुरतडली, अ‍ॅडॉप्टर जळला, फ्लोटचं लग (तारेच्या टोकाला दाबलेली टोपी) सुटलं, काहीही झालं तरी मोटार बंदच पडेल. गच्चीवर आणि पाण्यात फक्त बारा व्होल्ट जातात, म्हणून ओल्या हातानं झाकण उघडणाऱ्यालाही धोका नाही. कॉइलला तीस-एक मिलिअँपिअरच लागतात, त्यामुळे लांब केबलचाही प्रश्न येत नाही. या जोडणीत सेन्सर वर आंधळा असला तरी चालतं. टाकी पूर्ण भरते आणि शेवटचे २०-२५ सेंटिमीटर फ्लोट सांभाळतो.

फ्लोटला बहुतेक तीन तारा असतात, रंग दर कंपनीचा वेगळा. टाकीत सोडायच्या आधी टेबलावर मीटर कंटिन्युइटीवर लाव, फ्लोट हातानं वर-खाली कर आणि कुठली जोडी कधी वाजते ते लिहून घे.

आता बोर्ड कुठे? तो वरच राहू दे, पण रिलेला सिग्नल पंधरा मीटर पाठवू नकोस. दोन बोर्ड घे. वरचा फक्त पातळी मोजेल आणि वायफायवर सांगेल, खालचा मोटारीशेजारी बसून रिले चालवेल. वायफाय गेलं तर खालच्यानं मोटार सुरू करायची नाही आणि चालू असेल तर थांबवायची.

कोडमध्ये तीन-चारच गोष्टी बघ. बोर्ड सुरू होताना वायफाय मिळेपर्यंत थांबणारा लूप असेल तर काढ. वीज येते तेव्हा बोर्ड पाच सेकंदांत उठतो, राऊटरला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बोर्ड काहीच करत नाही. रिले डी३, डी४ किंवा डी८ वर असेल तर डी१ किंवा डी२ वर आण. त्या तीन पिना बोर्ड उठताना स्वतःच्या कामासाठी वाचतो, म्हणून सुरू होतानाच रिले टकटकतो. रिले मॉड्युल लो वर, म्हणजे पिनेवर शून्य व्होल्ट आल्यावर, चालू होणारं असेल तर पिन आउटपुट करायच्या आधी तिच्यावर हाय लिही. आणि वेळेची मर्यादा टाक: टाकी भरायला चाळीस मिनिटं लागत असतील तर पंचावन्नाव्या मिनिटाला, सेन्सर काहीही म्हणो, मोटार बंद आणि तुझ्या फोनवर निरोप.

डबा पावसाळ्याआधी नीट कर. केबल नेहमी खालच्या बाजूनं, ग्लँडमधून (केबल घट्ट आवळणाऱ्या बुचातून) आत घ्यायची, आणि आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोका द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथून गळून जातं. रिकामी भोकं बुजव, नाहीतर मुंग्या आणि पाली येतात. जंपर वायर फक्त टेबलापुरत्या, गच्चीवर सोल्डर किंवा स्क्रू टर्मिनल, आणि २३० च्या प्रत्येक टोकाला लग दाबलेलं. मोटारीला नीट अर्थिंग आणि तिच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ओळखीचा वायरमन बोलवून ते आधी करून घे. २३० ची जोडणी पहिल्यांदा त्याच्यासमोरच कर.

बाबांना सांग की काढून टाकायची गरज नाही, फक्त थांबवायचा हक्क फ्लोटला द्यायचा आहे. बारा व्होल्टची फ्लोटची साखळी आणि कॉन्टॅक्टर एवढंच आधी बसव, बोर्डाशिवाय, आणि आठ दिवस तसंच चालव. टाकी भरली की मोटार थांबते हे घरच्यांना दिसू दे. मग बोर्ड जोड. मला तीन गोष्टी कळव: रीसेटच्या वेळचा तो आकडा, सेन्सर भिंतीपाशी किती सेंटिमीटरवर अडकला तो आकडा, आणि उघडलेल्या रिलेच्या टिकल्यांचा फोटो. फ्लोटची साखळी बसेपर्यंत मोटार बटणावरच, आणि बंद कुणी करायची ते रोज रात्री आजीला सांगून ठेव.